दुर्गाबाई आणि दोन ऑगस्टचा सूर्य

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला, जिथे दर दोन घरांआड एक ट्यूशन क्लास आहे आणि घरांपुढे दुचाक्या आडव्यातिडव्या उभ्या असतात, तिथे दुर्गाबाई टेकाडेंची खानावळ आहे. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला खेड्यांतून आलेली चाळीसेक पोरं दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवतात आणि त्यांना काकू म्हणतात. काकूंच्या हाताला चव आहे आणि जिभेला धार. ताटात अन्न टाकलेलं दिसलं की त्या पोराला काही बोलत नाहीत, सरळ त्याच्या बापाला फोन लावतात. देवाधर्माच्या बाबतीत बाई बेताच्याच. सोमवार धरतात आणि दुपारी विसरून पोह्यांची चव बघतात. अंगात येणाऱ्यांना त्या एक कप चहा देऊन वाटेला लावतात.

पण ग्रहण म्हटलं की याच दुर्गाबाई ओळखू येत नाहीत. सूर्याचं असो, चंद्राचं असो, बारा तास आधी चूल बंद. पोरांना आधीच सांगून ठेवायचं, की उद्या आपापलं बघा. एकदा एका हुशार पोराने मोबाइल पुढे केला.

"काकू, हे ग्रहण भारतात दिसतच नाही. अमेरिकेत आहे."

"तुले दिसत नसंल. त्याले तर तू दिसतो ना?" दुर्गाबाई म्हणाल्या आणि शेगडीचा कॉक बंद केला.

पोरं हसली. काकूंच्या पोटात त्या दिवशी काय चालू असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कोणालाच ठाऊक नव्हतं, अगदी नवऱ्यालाही नाही.

ती गोष्ट पंच्याण्णव सालच्या दिवाळीची. दुर्गाबाईंचं सासर कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धा नदीच्या काठचं गाव. त्या तेव्हा तेवीस वर्षांच्या आणि पहिलटकरीण. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. त्यामुळे आदल्या दिवशी दिवे लागायच्या आत घरातल्या सगळ्यांनी जेवून घेतलं, आणि सासूबाईंनी गर्भार सुनेला कोठीघरात नेऊन बसवलं. खिडकीला पोतं लावलं. ग्रहण सुटून आंघोळी होईपर्यंत काही चिरायचं नाही, मोडायचं नाही, मुरडायचं नाही, पाय दुमडून बसायचं नाही, खायचं तर नाहीच. सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना त्यांच्या सासूने असंच बसवलं होतं.

कोठीघरात फराळाचे डबे होते. सकाळपर्यंत दुर्गाबाईंनी कळ काढली. पोटातलं लेकरू एकसारखं लाथा मारत होतं आणि अंधारात तुपाचा वास सुटला होता. बाहेर अंगणात सगळे सूर्याकडे पाठ करून जप करत बसले, तेव्हा त्यांनी हळूच एका डब्याचं झाकण काढलं. एक करंजी घेतली. हाताने मोडली तर आवाज होईल म्हणून थेट दातांनी तोडली, बरोबर मुरडीवर. पीठ पीठ झालेलं सारण त्यांनी पदरात झेललं आणि तेही खाल्लं. जन्मात इतकं गोड काही लागलं नव्हतं.

जानेवारीत तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. नर्सने ती हातात देताना रिवाजाची बक्षिसी मागितली नाही, हे दुर्गाबाईंच्या तेव्हाच ध्यानात आलं. पोरीचा वरचा ओठ डाव्या नाकपुडीखाली उघडा होता, मुरड सुटलेल्या करंजीसारखा.

सासूबाईंनी एकच प्रश्न केला. "ग्रहणात काय चिरलं वं तू?"

"काहीच नाही, आत्याबाई. तुमची शपथ."

ते खोटं नव्हतं. त्यांनी चिरलं काही नव्हतं. पण त्या दिवसापासून दुर्गाबाईंनी तोंडात जो गुळणा धरला तो धरलाच. नवरा, पंजाबराव, साधा माणूस. त्याने कोणाला बोल लावला नाही. पोर पाच महिन्यांची झाली तेव्हा तिला टॉवेलात गुंडाळून तो बसने नागपूरला घेऊन गेला, ऑपरेशन करवून आणलं. ओठ जुळला. एक रेघ तेवढी राहिली. पण रेघेपेक्षा गावाची जीभ लांब. रागिणी हे नाव हौसेने ठेवलं होतं, पण गावात पोरीची ओळख एकच झाली, टेकाड्याची ग्रहणाची पोरगी. ती पाच वर्षांची झाल्यावर टेकाडे कुटुंब अमरावतीला आलं. लोकांना सांगितलं, शिक्षणासाठी.

शिक्षणही झालंच म्हणा. आणि पोरीचं नशीब किंवा खोड म्हणा, तिला आवडलं ते विज्ञान. आठवीत असताना, दोन हजार नऊच्या जुलैत, खग्रास सूर्यग्रहण मध्य प्रदेशातून जाणार होतं. शाळेतले सर दहा-बारा पोरांना घेऊन तिकडे निघाले. रागिणीने नाव दिलं होतं, डबा काय न्यायचा ते ठरवलं होतं, वहीत सूर्य-चंद्राच्या आकृत्या काढल्या होत्या. दुर्गाबाईंनी वही वाचली, मिटून कपाटात ठेवली आणि पोरीला सांगितलं, की जायचं नाही. कारण सांगितलं नाही. सांगणार काय? त्या पहाटे त्यांनी रागिणीला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि स्वतः दाराशी बसून राहिल्या. एकदा ज्याने हिला हात लावला, त्याच्यासमोर ही पुन्हा उभी राहायला नको, एवढंच त्यांना कळत होतं.

तिकडे त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. पोरं परत आली ती सूर्य न पाहताच. पण सकाळी साडेसहाला अचानक रात्र झाली, पाखरं चिडीचूप झाली आणि सर रडले, असं ती पोरं सांगत होती. ढगच होते ना, काय बुडालं, असं म्हणून दुर्गाबाईंनी स्वतःची समजूत घातली. रागिणी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढंच.

रागिणी आता अकोल्यात एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात सासर. नवरा गजेंद्र, कापडाच्या दुकानात बसणारा आणि बायकोचं ऐकण्यात कमीपणा न मानणारा मुलगा. या दोघांनी मिळून वर्षभरापूर्वी बेत आखला. दोन ऑगस्ट दोन हजार सत्तावीस, इजिप्तमधलं लक्झर. दुपारी एकच्या सुमारास सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाणार. एवढा वेळ पुन्हा आपल्या हयातीत कोणाच्या वाट्याला येत नाही, असं रागिणीचं म्हणणं. नागपूरच्या एका हौशी गटाबरोबर तिकिटं ठरली. रागिणीने एक वही केली. किती वाजता पहिला स्पर्श, किती वाजता चष्मा काढायचा आणि किती वाजता पुन्हा घालायचा, सावलीची जागा कुठे, पाणी किती. गजेंद्र सहा मिनिटं आभाळाकडे बघायचं सोडून मोबाइल काढेल म्हणून त्याच्यासाठी वेगळं पान, त्यावर एकच वाक्य: फोटो काढायचे नाहीत.

दुर्गाबाईंना हे कळलं. परक्या देशात, परक्या सूर्याखाली काय व्हायचं ते होवो, पोरगी आता मोठी झाली, असं त्यांनी मनाला समजावलं. पण एप्रिलअखेर रागिणीचा फोन आला. दिवस राहिले होते. दुर्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्याच क्षणाला त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. मे, जून, जुलै. दोन ऑगस्टला पाचवा.

जूनच्या सुट्टीत रागिणी माहेरी आली तेव्हा विषय निघाला.

"तू आता जाशील काय तिकडं?" दुर्गाबाई कणीक मळता मळता, परातीकडेच बघत म्हणाल्या.

"डॉक्टर हो म्हणतात."

"डॉक्टरचं काय जाते बाप्पा सांगाले!"

रागिणी ओट्याला टेकून उभी राहिली. तिला रागावून बोलता येत असतं तर दुर्गाबाईंना सोपं गेलं असतं. ती शांतपणे बोलली. "आई, लहानपणापासून ज्याच्या नावानं मले ओळखून राह्यले लोक, त्याले म्या एकदाई पाह्यलं नाही. मले त्याच्यासमोर एकदा उभं राहाचं आहे. बस. पण तुह्या जिवाले घोर लावून मी जाणार नाही. तू नाही म्हणशील तर तिकीट रद्द करतो. फक्त नाही म्हणशील तर कावून ते सांग. त्या वेळेसारखं करू नको."

एकवीस जुलैपर्यंत गटाला पक्कं कळवायचं होतं. एवढी मुदत दुर्गाबाईंना मिळाली.

मुदत कसली, ती फाशीच होती. नाही म्हणायचं तर करंजीची गोष्ट सांगावी लागणार, म्हणजे पोरीच्या तोंडावर सांगायचं की तुझा ओठ मी फाडला. हो म्हणायचं तर नातवाचा ओठ. दुर्गाबाईंनी तिसरी वाटही शोधून पाहिली. पंजाबराव डबे पोचवून आले, स्कूटी लावत होते, तेव्हा त्यांना गाठून म्हणाल्या, "अहो, तुमच्या छातीत जरा दुखू द्या ना. जुलैच्या शेवटी. चार-पाच दिवस. तुमाले सोडून पोरगी कुठं जाते?"

पंजाबरावांनी हेल्मेट काढलं. "माह्या छातीत तीस वर्षांपासून दुखून राह्यलं. तवा कोणं विचारलं?" असं म्हणून ते हसत आत गेले. हसणं खरं होतं की नाही याचा दुर्गाबाईंनी त्या वेळी विचार केला नाही. स्वतःच्या काळजीत बुडालेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं अर्धंच ऐकू येतं.

वीस जुलैला रागिणीची पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी अमरावतीत ठेवली होती. गजेंद्रला दुकान सोडता आलं नाही, म्हणून सोबत दुर्गाबाई गेल्या. अंधाऱ्या खोलीत रागिणी पलंगावर झोपली आणि दुर्गाबाई पायथ्याशी उभ्या राहिल्या. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी रागिणीच्या ओठाकडे बघून आधीच विचारून घेतलं होतं, की जन्मतः होतं का, घरात आणखी कोणाला होतं का. त्यामुळे त्या पडद्यावर बाळाचं तोंड शोधत राहिल्या. बाळाने हात आडवा धरला होता. त्यांनी रागिणीला कुशीवर वळायला सांगितलं, पाणी पाजलं, पुन्हा पाहिलं. दुर्गाबाईंना त्या पडद्यावर पावसाळी आभाळापलीकडे काही दिसत नव्हतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"हा बघा वरचा ओठ," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "अखंड आहे. छान जुळलेला आहे. काळजीचं काही नाही."

रागिणीने डोळे मिटले. आणि दुर्गाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "पण म्याडम, ग्रहण तर अजून व्हाचं आहे. दोन तारखेले."

डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. असं त्यांना रोजच कोणी ना कोणी विचारत असावं. "काकू, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. जुळायचा नसला तर तेव्हाच राहून जातो. तिसरा लागला की त्या ओठाचं काम संपलं. आता पाचव्यात ग्रहण येवो की आणखी काही येवो, जुळलेलं उसवत नाही. यांनी तिकडे उन्हात फार उभं राहू नये आणि पाणी पीत राहावं, एवढंच माझं म्हणणं."

बाहेरच्या बाकावर रिपोर्टची वाट बघत दोघी बसल्या. रागिणी गजेंद्रला फोन करून ओठाचं सांगत होती. दुर्गाबाई मात्र पुन्हा पेरं मोजत होत्या. पंच्याण्णवच्या अक्षय तृतीयेच्या आसपास दिवस राहिले. मग जेठ. आखाड लागला तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या आणि आपल्याला कैरी सोडून काही गोड लागत नव्हतं. मग नागपंचमी, पोळा, दसरा. दिवाळीला सहावा संपत आला होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा सहावाच आला. पोळ्याला बैलांना ओवाळत होतो तेव्हाच पोरीचा ओठ उघडा होता. कोठीघरात बसलो तेव्हा उघडा होता. करंजीला हात लावला तेव्हा जे व्हायचं ते होऊन चार महिने झाले होते.

अशा वेळी माणसाला हलकं वाटावं. दुर्गाबाईंना आधी आला तो संताप. नागपूरच्या डॉक्टरला हे ठाऊक असणार. तालुक्याच्या नर्सला ठाऊक असणार. शाळेच्या पुस्तकातही असेल कुठेतरी. एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. पण सांगणार कोण आणि कोणाला? त्यांनी विचारलं होतं कुठे? आणि संतापाच्या मागोमाग ती पहाट आली. दोन हजार नऊची. आतल्या खोलीतून येणारा आवाज, आधी "आई, उघड ना", मग नुसतं "आई", मग काहीच नाही.

"रागिणी," त्या म्हणाल्या. "फोन ठेव."

रागिणीने ठेवला. दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं. कोठीघर, खिडकीचं पोतं, डबा, दातांनी तोडलेली करंजी. सासूची घेतलेली शपथ. बोलताना त्या पोरीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण हिच्याशी बोलताना कायम हिच्या कपाळाकडे बघत आलो. आता त्यांनी ओठाकडे पाहिलं. बारीकशी रेघ, वर थोडी ओढलेली. एवढीच.

रागिणी आईकडे वळली. मग तिने विचारलं, "म्हणजे तुले आदल्या संध्याकाळपासून उपाशी बसवलं होतं? सहाव्या महिन्यात?"

खाल्लं का, चिरलं का, मोडलं का, हे सगळे विचारून झाले होते. भूक लागली होती का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्या पदर तोंडाला लावून रडल्या. समोरच्या बाकावरच्या बाईला वाटलं, आत काही वाईट निघालं. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. दुर्गाबाईंनी ती घेतली आणि अर्धी संपवली.

मग तोंड पुसून त्या म्हणाल्या, "ओठाचं राहू दे. ते कोणंच नाही केलं. पण त्या दिवशी तुले कोंडलं, ते ग्रहणानं नाही केलं, पोरी. ते म्या केलं. कडी माह्या हातानं घातली."

त्यांना वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे आई. तसं म्हणाली असती तर त्या घरी जाऊन स्वस्थ झोपल्या असत्या.

"हो," रागिणी म्हणाली. "त्याचा राग आहे मले. अजूनई आहे."

"असू दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "तो खरा आहे. राहू दे त्याले."

काउंटरवरून नाव पुकारलं. रागिणी उठली, रिपोर्ट घेऊन आली, आणि पुन्हा आईला खेटूनच बसली. खांदा खांद्याला लागत होता. तिने मोबाइल हातात घेतला. गटाला उद्यापर्यंत कळवायचं होतं.

"मंग काय सांगू गजेंद्रले? आई हो म्हणते?"

"नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्याले सांग, आईले विचाराचंच नव्हतं."